नानांच्या दोन डब्या

५ फेब्रुवारी

वहिनी,

खुशाली विचारून झाली असं समज, मला थेट मुद्द्यावर यायचंय. फोन केला असता, पण एकतीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढल्यावर माझ्या कानांना फोन म्हणजे नुसती भुणभुण. आणि तुझा फोन नानांच्या उशाशी. तेव्हा लिहिते. तूही लिहूनच उत्तर दे, आणि हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नकोस.

रविवारी मी तुमच्याकडे होते. चहा संपेपर्यंत नाना सात वेळा उठले. मी मोजलं. कपबशी ठेवली, उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले, बसले, लगेच उठले. अगं, हा तोच माणूस ना, जो घड्याळाच्या दुकानात एका तिपाईवर पन्नास वर्षं बसला? आई जेवायला हाका मारून दमायची, पण हातातलं घड्याळ चालू होईपर्यंत हे हलायचे नाहीत. अशा माणसाला आपल्याच घरात टेकता येऊ नये?

आणि चेहरा. लेक इतक्या दिवसांनी आली, तर हसलेसुद्धा नाहीत. डोळे तेवढे माझ्याकडे, बाकी चेहरा भिंतीसारखा. तू स्वयंपाकघरातून आलीस की हटकून उठून उभे राहायचे. भ्यालेला माणूस असा उठतो. राग मानू नकोस, पण मी कापड तपासणीला होते. तागा उजेडात धरायचा आणि दोष हेरायचा, याचाच मला पगार मिळायचा. एक धागा सुटलेला दिसला की अख्खा तागा उलगडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हाडात पसरलेलं दुखणं आहे, मला कळतं. कॅन्सर म्हणजे काही सर्दी नव्हे. पण डिसेंबरपर्यंत हे असं नव्हतं. मॉर्फिन सुरू झालं आणि हे सुरू झालं. मॉर्फिन म्हणजे शेवटी अफूच. किती देतेस? कोण मोजतं? माझा भाऊ आठवड्यातले पाच दिवस ट्रकवर. मग घरात बघणारं कोण? तूच ना?

मी पाठवलेला स्वेटर रविवारी अंगात होता, एरवीही घालतात का, तेही कळव.

तुझी नणंद


९ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र आलं ते बरं झालं. इतके दिवस तुमच्या तोंडावर दिसायचं, आता कागदावर आलं.

तुम्ही चहापुरतं मोजलंत, मी दिवसभर मोजते. मशीन नानांच्या खोलीतच असल्यामुळे शाळेच्या गणवेशाची एक बाही शिवून होईस्तोवर त्यांच्या नऊ फेऱ्या होतात. मी विचारते, "नाना, कुठं दुखतंय का?" तर म्हणतात, "दुखत नाही गं. आतून कुणीतरी ढकलतंय. पाय ऐकत नाहीत माझं." डोळे पेंगलेले असतात आणि पाय पळत असतात. परवा म्हणाले, "मला इथून जायचंय." मी म्हटलं, "कुठं?" तर म्हणाले, "तेच कळत नाही." हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. तुम्ही त्याचा काय अर्थ काढाल ते मला ठाऊक आहे.

मी आले की उठतात, हे खरं. मांजर आलं तरी उठतात. मांजरालाही भितात असं लिहू का?

मॉर्फिन माझ्या कापडाच्या कपाटात कुलपात असतं. हॉस्पिटलच्या सिस्टरनंच तसं बजावलंय. किल्ली माझ्याकडे, गोळी घड्याळ बघून माझ्या हातानं, आणि दिली की वहीत टिंब. येऊन ताडून बघा. बाकीच्या, म्हणजे पित्ताच्या, पोट साफ व्हायच्या, उलटीच्या गोळ्या नाना स्वतः घेतात. त्यांची खोड तुम्हाला काय सांगायची! गोळ्या आणल्या की त्याच दिवशी पाकिटातून सोडवून घड्याळाच्या सुट्या भागांच्या त्या काचेच्या झाकणाच्या डब्यांत. बारीक एकीकडे, मोठ्या एकीकडे, स्क्रू लावावेत तशा. पाकिटात कोंबलेली गोळी त्यांना बघवत नाही. रिकामी पाकिटंही फेकू देत नाहीत, त्यांचा वेगळा डबा. डोकं जागेवर आहे, वेळा चुकवत नाहीत, म्हणून मी त्यांच्या डब्यांत हात घालत नाही. माणसाचं काहीतरी त्याच्या स्वतःच्या हातात राहू द्यावं.

मॉर्फिन सुरू झाल्यावर पहिले सात-आठ दिवस सारखे ओकत होते. उलटीच्या गोळीनं तेही थांबलं. आता पोटात अन्न ठरतंय. आणि मुख्य म्हणजे दुखणं आटोक्यात आहे. जानेवारीच्या आधी या माणसाला कूस बदलताना बघायला हवं होतंत तुम्ही. तेव्हा तुम्हाला सवड नव्हती.

स्वेटर घालतात. अंगावेगळा करत नाहीत, धुवायला देत नाहीत. खिशाकडे हात गेला तर माझा हात बाजूला सारतात. लेकीचं कौतुक, दुसरं काय.

तुम्हाला त्यांना तुमच्याकडे न्यायचं असेल तर सरळ म्हणा. मागून बाण मारू नका.

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

सरळ म्हणायला सांगितलंस ना, मग सरळच ऐक. महिनाअखेरीला मी गाडी करून येणार आणि नानांना घेऊन जाणार. "मला इथून जायचंय" असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणतात आणि तू मला मांजराच्या गोष्टी सांगतेस?

आमच्या खात्यातल्या एका बाईच्या नवऱ्याला असंच मॉर्फिन दिलं होतं. घरच्यांना बरं पडतं म्हणून देतात, ती म्हणाली. माणूस गुंगीत असला की हाका मारत नाही. मी तुझं नाव घेत नाही. पण कुलूप तुझं, किल्ली तुझी, वही तुझी आणि टिंबंही तुझीच. तपासनिसानं स्वतःच विणलेलं कापड स्वतःच पास करायचं असेल तर मग खातं हवं कशाला?

गोळी कमी कर. निदान संध्याकाळची बंद कर आणि बघ माणूस ताळ्यावर येतो की नाही. नाही केलीस तर मी समजायचं ते समजेन, आणि भावालाही समजावीन.

नणंद


२२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या मनासारखं केलं. १६ तारखेपासून पाच दिवस संध्याकाळची मॉर्फिनची गोळी दिली नाही. कुणाला विचारलं नाही. तुम्ही यांचे कान भराल या भीतीनं केलं, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला खोटं पाडायचं म्हणूनही केलं.

आता ऐका. दुखणं दुसऱ्याच दिवशी परतलं. तिसऱ्या दिवशी नानांनी तुमच्या त्या स्वेटरची बाही दातांत धरली, ओरडू नये म्हणून. समोर माझी गिऱ्हाईक बाई माप द्यायला उभी होती. ती माप अर्धवट टाकून निघून गेली. आणि येरझारा? तेवढ्याच. रतीभर कमी नाहीत. आधी नुसते फिरायचे, आता कण्हत फिरत होते. पाच दिवस मी हे चालू दिलं, वन्सं. रोज वाटायचं, आज फरक पडेल.

पाचव्या दिवशी हॉस्पिटलला फोन केला. वेदनेचं बघणाऱ्या सिस्टरनं मला असं झापलं की शाळेतसुद्धा कुणी झापलं नव्हतं. "हे औषध मनानं कमी करायचं नाही, मनानं वाढवायचं नाही. तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, "नाही, सून आहे." मग जरा मऊ झाल्या. डॉक्टरांना विचारून गोळी पूर्ववत करायला लावली. दुसऱ्या दिवशी नाना जेवले.

मग त्यांनी बरंच विचारलं. फेऱ्या कधीपासून, चेहरा कसा, हात ताठ वाटतात का. शेवटी म्हणाल्या, "येत्या गुरुवारी त्यांना आणा. आणि ते जे जे गिळतात ते सगळं आणा. चूर्ण, काढा, डब्या, काही मागे ठेवू नका." आवाजावरून वाटलं की त्यांना काहीतरी संशय आलाय. त्या बोलल्या नाहीत. पण मला आता सगळ्यांचाच संशय येतोय. नानांच्या चहाचा, पाण्याचा, माझा स्वतःचा. तुमचाही, कारण दुसऱ्याचे दोष इतक्या घाईनं कुणी दाखवले की मला त्याच्या पाठीमागे काय आहे ते बघावंसं वाटतं.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

स्वेटरची बाही वाचली आणि पत्र खाली ठेवलं. पुन्हा उचलायला दुपार झाली. गोळी सुरू केलीस ते बरं केलंस. मी तसं लिहायला नको होतं.

गुरुवारी सगळा बाडबिस्तरा नेऊ नकोस. त्या जुन्या डब्या कशाला? सांडतील, हरवतील, नाना हळहळत बसतील. हॉस्पिटलनं दिलंय तेवढंच ने, त्यांना तेवढंच बघायचं असेल.

आणि तो स्वेटर धुऊन टाक आता. खिसे रिकामे करून मग धू.

गाडीचं तूर्त राहू दे.

नणंद

ता. क. सहज विचारते. उलटीच्या गोळीनं कुणाला असं होतं का, तेवढं सिस्टरना विचारून ठेव.


५ मार्च

वन्सं,

तुम्ही नको म्हणालात म्हणून मी डब्या नेल्याच. सगळ्या नेल्या. रिकाम्या पाकिटांचा डबाही.

सिस्टरनी टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि एकेक डबी उपडी केली. नाना त्यांच्यामागे येरझारा घालतच होते. सिस्टरनी एक बारीक पांढरी गोळी उचलली. "ही आमची, उलटीची." मग तिच्याहून मोठी एक पिवळसर. "ही कशाची?" नाना म्हणाले, "उलटीचीच." सिस्टरचा हात थांबला. "दोन दोन कशा? दिवसातून किती?" नाना म्हणाले, "सकाळ, दुपार, संध्याकाळ. दोन्ही डब्यांतली एकेक."

मग रिकामी पाकिटं शोधली. वरची नावं अगदी निराळी, कंपन्या निराळ्या, रंग निराळे. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत औषधाचं खरं नाव. सिस्टरच्या चष्म्यालाही ते लागेना. तेव्हा नानांनी खिशातून त्यांचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि उभ्या उभ्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत दोन्ही पाकिटं वाचली. मेटोक्लोप्रमाइड, मेटोक्लोप्रमाइड. तीनदा वाचून म्हणाले, "यंत्र एकच आहे. तबकडी तेवढी वेगळी."

तीनच्या जागी सहा गोळ्या जात होत्या, वन्सं. दीड महिना.

सिस्टरनी मला नीट समजावलं, ते जसंच्या तसं लिहिते. मॉर्फिन पोटाला मंद करतं, मळमळ होते, म्हणून सुरुवातीला ही गोळी देतात. दहा-बारा दिवसांत शरीराला मॉर्फिनची सवय झाली की मळमळ बहुधा आपली आपण जाते. पण चालू केलेली गोळी बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. म्हाताऱ्या शरीरात ती जास्त झाली की पायांना थारा राहत नाही आणि चेहऱ्याचे स्नायू ताठतात. म्हणून हसू नाही. वर मॉर्फिनची गुंगी आणि हिची गुंगी एकात एक मिसळते, म्हणून डोळे पेंगलेले. त्यांना राग नव्हता, भीती नव्हती आणि वेडही लागलेलं नव्हतं. माझी भीती नव्हती त्यांना, वन्सं. हे मी दोनदा लिहिलं तरी तुम्ही वाचा.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पाच दिवस आपण मॉर्फिनला फासावर दिलं आणि फास नानांच्या गळ्याला लागला.

डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. मळमळ परतली तर दुसऱ्या जातीची देऊ म्हणाले, पण परतली नाही. तिसऱ्या दिवशी फेऱ्या निम्म्या झाल्या. काल दुपारी नाना तिपाईवर बसले ते एक तास चाळीस मिनिटं बसले. माझ्या मशीनची चाकपट्टी सैल झाली होती ती घट्ट केली. मी पाठमोरी होऊन रडले, कारण समोरून रडले असते तर ते पुन्हा उठले असते.

एक राहिलं. ती पिवळसर गोळी हॉस्पिटलनं कधीच दिलेली नाही. सिस्टरनी विचारलं, "ही आली कुठून?" नाना छताकडे बघत म्हणाले, "जुनी असेल." मीही पुढं विचारलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

तुला काय सुचवू? मलाच ठाऊक आहे.

जानेवारीत नानांचं कार्ड आलं. "ओकारी थांबत नाही, घरात कुणाला लिहू नकोस, काळजी करतील." मला तू एका शब्दानं कळवलं नव्हतंस, याचा मला राग आला. गेल्या वर्षी माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मला उलटीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांची चार पाकिटं उरली होती, आणखी बारा त्याच औषधाच्या कागदावर दुकानातून आणली. ती सगळी मी स्वेटरच्या खिशांत घातली. वर चिठ्ठी. जेवणाआधी एकेक घ्या, वहिनीला सांगू नका, ती उगाच बंद करेल.

माझ्या पोटाला त्या सोसल्या होत्या. उलटीची गोळी म्हणजे काय, बडीशेपेची बहीण, असं वाटलं मला. हॉस्पिटल तशीच गोळी देत असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. तुझ्या पत्रात "उलटीच्या गोळीनं थांबलं" वाचलं तेव्हा मला वाटलं माझ्याच गोळीनं थांबलं, आणि मी मनात खूश झाले. हो, खूश झाले. तुझ्यावर मात केली म्हणून.

बाहीचं वाचल्यावर पहिल्यांदा शंका आली. तरी मी तुला डब्या नेऊ नकोस म्हणून लिहिलं. नाना तसेच फिरत राहिले असते, पण माझं नाव निघालं नसतं. वहिनी, हे मी लिहितेय कारण तोंडानं मला कधीच म्हणता येणार नाही. एकतीस वर्षं लोकांचे दोष हेरले, आणि भोक माझ्याच कात्रीनं पडलं.

भावाला सांग. तुला सांगायचं नसेल तर मी लिहिते. नानांना न्यायला मी येणार नाही. तोंड दाखवायला येऊ का, ते तू ठरव.

तुझी नणंद


१३ मार्च

वन्सं,

तुम्ही लिहिलंत "खिसे रिकामे करून मग धू". आजवर तुम्ही मला धुणं कसं धुवावं हे कधी शिकवलं नव्हतं. म्हणून २७ तारखेला, नाना आंघोळीला गेले तेव्हा, मी आधी खिसाच बघितला. चिठ्ठी तिथंच होती, घडी घालून घालून फाटायला आलेली. "वहिनीला सांगू नका." वाचली आणि परत ठेवली. हॉस्पिटलमध्ये सिस्टरनी विचारलं तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं.

म्हणजे मागचं पत्र मी तुम्हाला सगळं ठाऊक असताना लिहिलं. बघत होते तुम्ही काय करता ते. रोज टपालवाल्याची वाट बघितली. तुमचं पत्र आलं नसतं तर हे ट्रकवरून आल्यावर चिठ्ठी त्यांच्या हातात देणार होते. आता देणार नाही. मला तुमचा फार राग आला होता. अजून थोडा आहे, तो राहू दे, हळूहळू जाईल.

ते पाच दिवसही मला तुमच्या माथी मारायचे होते. दोन-तीनदा तसं लिहून कागद फाडला. तुम्ही नुसतं लिहिलंत, गोळी माझ्या हातानं थांबली. तेवढं माझं मला ठेवायला हवं. नानांची माफी मागितली तर म्हणाले, "बटणाला दोरा जास्त झालाय, काप." इतकंच.

मी आता जाड कापडाची एक लांब पट्टी शिवलीय, तिला खिसे, प्रत्येक खिशावर औषधाचं खरं नाव दोऱ्यानं. गोळ्या पाकिटातच राहतील. नानांनी तक्रार केली, मग भिंग लावून माझी शिवण तपासली आणि एक अक्षर उसवायला लावलं. तुमचेच वडील.

या. स्वेटर धुतलाय, बाही रफू करायची तेवढी तुमच्यासाठी ठेवलीय. तुम्हाला माझी रफू पसंत पडणार नाही.

खाली नानांना स्वतः लिहायचंय. मी वाचणार नाही, पाकीट तेच चिकटवणार आहेत.

वहिनी


पोरी,

सूनबाई समजते की डब्या मी आकारावरून लावल्या. तिला तसंच समजू दे. एक डबी तिनं आणलेल्या गोळ्यांची होती आणि एक तू पाठवलेल्या. दोन्ही उलटीच्याच, हे मला ठाऊक होतं. तुझ्या घेतल्या नसत्या तर तू म्हणाली असतीस, नाना सुनेचे झाले. तिच्या सोडल्या असत्या तर ती दिवसभर माझ्यामागे राबते, तिला काय वाटलं असतं? म्हणून कुणाचंच मन मोडलं नाही, दोन्ही गिळल्या. जास्त किल्ली दिली की स्प्रिंग तुटते हे मी पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. स्वतःला सांगायचं राहिलं.

त्या पाच दिवसांवरून तिला कधी काही बोलू नकोस. ती माझ्यापेक्षा जास्त कण्हत होती, मशीनच्या आवाजात तिला वाटलं मला ऐकू येत नाही.

रविवारी ये. बसून बोलू. आता बसता येतं मला.

नाना